लिहाफमधली मुलगी

इस्मत चुगताई म्हटले की 'धीट बाई' एवढे बोलून आपल्याकडे विषय संपतो. आम्हाला हे पटत नाही. 1942 मध्ये 'अदब-ए-लतीफ'मध्ये आलेली 'लिहाफ' ही कथा सांगते कोण? एक घाबरलेली लहान मुलगी. भिंतीवर रजईची सावली हत्तीसारखी डुलते, मुलगी अंग चोरून पडते आणि पाहिलेले कुणालाच सांगायचे नाही असे ठरवते. आपल्या घरांतल्या कितीतरी मुली अशाच गप्प असतात. आपण त्याला तमीज म्हणतो!

या कथेवर लाहोरला अश्लीलतेचा खटला चालला. माफी मागा, असा आग्रह झाला. इस्मतआपांनी ती मागितली नाही, आणि खटलाही टिकला नाही. 'कागजी है पैरहन' हे त्यांचे आत्मकथन विस्कळीत आहे, तेच प्रसंग पुन्हा येतात. तरी त्यातला एक प्रसंग आम्हाला कोर्टापेक्षा मोठा वाटतो. स्वयंपाक नको, शिकायचे आहे; नाही पाठवले तर पळून मिशनच्या शाळेत जाईन, असे ती वडिलांना तोंडावर सांगते. न्यायाधीशासमोर उभे राहणे त्यामानाने सोपे गेले असावे.

हा भाग आम्ही नववीच्या मुलींना वाचून दाखवला. बराच वेळ वर्गात कुणी बोलेना. मग मागच्या बाकावरून एकीने विचारले, "टीचर, अब्बांनी मारले नाही तिला?"