बर्कले यांचा घाट आणि बर्कले यांचे गद्य

इंजिनियरांची चरित्रे बहुधा दगडावर कोरली जातात, आणि दगडावर जागा थोडी असल्यामुळे तेथे स्तुतीखेरीज दुसरे काही मावत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे पहिले मुख्य इंजिनियर जेम्स जॉन बर्कले यांच्या नावाची शिला बोरघाटात बसविण्यात आली. पुढे त्यांच्याविषयी जे लिहिले गेले, ते पुष्कळसे त्या शिलालेखाचाच विस्तार वाटते. त्यांनी स्वतः लिहिलेले मात्र वाङ्मय म्हणून कोणी वाचीत नाही. १८६० साली लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनियर्स या संस्थेपुढे हिंदुस्थानातील रेल्वेवर त्यांचा जो निबंध आला, तो आम्हांस या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. बर्कले यांची थोरवी आणि त्यांची मर्यादा ही दोन्ही त्यात उमटलेली आहेत.

त्यांचा जीवनक्रम थोडक्यात सांगता येतो. जन्म १८१९ चा, लंडनचा. एंजिने बांधण्यात ज्यांचे नाव जगभर झाले त्या रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली ते तयार झाले आणि त्यांच्याच शिफारशीवर १८५० साली मुंबईस आले. वय अवघे तीस. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत २१ मैल गाडी धावली, आणि पुढच्याच वर्षी ती खाडी ओलांडून कल्याणास पोहोचली. आम्ही मानखुर्दकर आज गाडीत बसून वाशीस जाताना हीच ठाण्याची खाडी डोळे न उघडताही पार करतो. आमचा हा पूल १९९२ सालचा. खाडीच्या वरच्या अंगास तिच्यावर रूळ टाकण्याचा मान मात्र बर्कले यांचा.

परंतु त्यांची खरी परीक्षा झाली ती सह्याद्रीत. घाट चढण्याचा प्रश्न मुळात एंजिनाच्या ताकदीचा. डोंगर कितीही उंच असो, त्या काळचे एंजिन भरलेली गाडी ओढून ज्या चढावर चढेल, तेवढाच चढ रस्त्याला देता येतो. बोरघाटात पावणेसोळा मैलांत सुमारे १,८३१ फूट चढावयाचे होते. बर्कले यांनी अधिकात अधिक ३७ फुटांस १ फूट एवढा चढ धरला, आणि त्या हिशेबाने २५ बोगदे व कमानींचे ८ मोठे पूल आखले. तरीही एके ठिकाणी वळण घेण्यास डोंगराने जागाच दिली नाही. तेथे त्यांनी सपाटीवर स्टेशन योजिले. गाडी त्यात शिरावी, एंजिन सोडून दुसऱ्या टोकास जोडावे, आणि आली तिच्या उलट दिशेने तिने पुढचा चढ चढावा. पर्वताशी झुंज न घेता त्याच्याशी सौदा करण्याची ही बुद्धी आम्हांस फार मोलाची वाटते. १९२९ साली नवा मार्ग होऊन ते स्टेशन सोडून देण्यात आले, तोवर सहा तपांच्या आसपास हा सौदा टिकला.

आता निबंधातील त्या भागाकडे वळू, ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला. कामाच्या हंगामाविषयी लिहिताना बर्कले म्हणतात की, येथील आठ महिन्यांची उघाड कामास अनुकूल आहे. मात्र पटकी आणि ताप यांच्या साथी येतात, मजूर अशक्त असतात, त्यांना पुरेसा निवारा व पुरेशी वस्त्रे नसतात, म्हणून ते लवकर दगावतात, आणि उघाडीचा लाभ तेवढ्यापुरता हातचा जातो. या विधानाची रचना वाचकांनी नीट पाहावी. आरंभी हंगाम आहे, शेवटीही हंगामच आहे. माणसांचे मरण मधल्या उपवाक्यात येऊन जाते आणि शेवटी हानी मांडली जाते ती दिवसांची!

कोणी म्हणेल की, इंजिनियराच्या निबंधात करुणरस कशास शोधावा? आमचा आक्षेप करुणेच्या अभावाबद्दल नाही. बर्कले यांची दृष्टी निर्दय नव्हती. निवारा नाही, वस्त्र नाही, हे त्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. घाटातील बहुतेक मजूर निरक्षर असल्याने, त्यांच्या बाजूची साक्ष म्हणूनही आज या विधानास किंमत आहे. आमचा आक्षेप असा की, ज्या गोष्टी माणसाला बदलता येण्याजोग्या होत्या, त्या त्यांनी पाऊस आणि खडक यांच्या पंक्तीस बसविल्या. ज्याने न वळणाऱ्या डोंगरावरही तोड काढली, त्याच्या लेखणीस झोपडीवरील छप्पर मात्र निसर्गनियम वाटावे, हे चमत्कारिक आहे. शिवाय मजूर केवळ अशक्त नव्हते. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीसाठी ते घाटात उठले. त्याच वर्षी मक्तेदार फॅव्हियल यांनी काम सोडले.

प्रकृतीच्या दुर्बलतेचा सिद्धांतही पुढील घटनांपुढे टिकत नाही. फॅव्हियल यांच्या जागी इंग्लंडहून आलेले सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत येथे वारले. खुद्द बर्कले आजारी होऊन १८६१ साली मायदेशी परतले आणि २५ ऑगस्ट १८६२ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, निवर्तले. निवारा आणि वस्त्र यांची या दोघांस वाण नव्हती. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाट खुला झाला, तेव्हा तो आखणारा हयात नव्हता.

ट्रेडवेल यांच्यामागे मक्ता चालविला तो त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी. ॲडमसन व क्लाउझर या दोघा इंजिनियरांस व्यवस्थापक नेमून त्यांनी काम तडीस नेले, आणि १८६१ साली त्या कामावर ४२,००० माणसे होती. बर्कले यांचा निबंध या घडामोडींच्या ऐन मध्यास आलेला असल्यामुळे घाटाची पुढची हकिगत त्यात नाही. मराठीत त्याचे भाषांतर कोणी हाती घेईल, तर त्यांनी ॲलिसबाईंचा मक्ता आणि १८५९ चा मजुरांचा उठाव या दोहोंवर टीपा अवश्य जोडाव्यात.