मेद, वसा आणि चरबी

परिभाषेचा वाद म्हणजे विद्वानांच्या बैठकींतील करमणूक, अशी पुष्कळांची समजूत असते, आमचीही होती. हिंगोली जिल्ह्यांतील हट्टा या आमच्या गांवीं गेल्या वर्षीं घडलेल्या एका लहानशा प्रसंगानें ती पालटली. शेजारचे एक शेतकरी, वय पन्नाशीचें, अंगानें काडीसारखे, तालुक्याच्या ठिकाणाहून पोटाची सोनोग्राफी करवून परतले. तेथील तरुण डॉक्टरांनीं त्यांस एवढेंच सांगितलें होतें कीं, "काका, लिव्हरवर चरबी आली आहे, कमी करा." काका ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "गुरुजी, चरबी यायला मी काय सावकार हाय का?" सारे हसले, काकाही हसले, औषधाची चिठ्ठी मात्र कोनाड्यांत पडली आणि पुढील तपासणीस ते गेले नाहींत.

डॉक्टरांस दोष द्यावा तर त्यांनीं लोकांचाच शब्द वापरला होता. परंतु फारसींतून आलेला 'चरबी' हा शब्द मराठींत नुसता पदार्थ राहिलेला नाहीं, तो स्वभाव झाला आहे. चरबी चढते ती माजलेल्या माणसास. कष्टाळू, सडपातळ मनुष्याच्या अंगीं ती आहे असें म्हणणें म्हणजे त्यास शिवी देणें किंवा त्याची थट्टा करणें. त्यांत 'वर' हें शब्दयोगी अव्यय सर्वस्वी चुकीचें. या विकारांत यकृतावर लेप बसत नाहीं. यकृताच्या पेशींच्या आंत स्निग्ध द्रव्याचे सूक्ष्म थेंब सांठतात. 'वर' म्हटलें कीं खरवडून काढण्याची कल्पना मनांत येते, आणि मग कोणी लिंबूपाणी सुचवितो, कोणी चूर्ण. येथें इंग्रजीचेंही फारसें बरें नाहीं. 2023 सालीं यकृतरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनीं या विकाराचें इंग्रजी नांवच बदललें. जुन्या नांवांतील 'फॅटी' हा शब्द रोग्यास कमीपणा आणणारा वाटतो, हें त्याचें एक कारण होतें.

मग आमच्या शब्दकारांनीं काय दिलें? मराठी विश्वकोशाने 'वसा' हा शब्द पत्करला. 'तेले व वसा' अशी त्यांत नोंद आहे आणि तिच्या अनुषंगानें 'वसाम्ले' येतात. शाळेचें शास्त्राचें पुस्तक 'स्निग्ध पदार्थ' आणि 'मेदाम्ले' म्हणतें. एकच मुलगा सकाळीं शाळेंत एक शब्द शिकतो आणि संध्याकाळीं कोश उघडून दुसरा. 'वसा' संस्कृत दृष्ट्या निर्दोष आहे हें खरें, हिंदीनेंही तो घेतला आहे. पण ज्या घरांत श्रावणांत कहाण्या वाचल्या जातात, तेथें वसा म्हणजे घेतलेलें व्रत. आजीस 'शरीरांत वसा वाढला' असें सांगून पाहावें. एक तर ती हात जोडील, नाहीं तर उद्यापन कधीं म्हणून विचारील!

शिवाय ज्या आयुर्वेदाच्या आधारावर हा शब्द घेतला, त्यानेंच मेद आणि वसा यांचा भेद केला आहे. मेद हा सात धातूंपैकीं एक. वसा मांसाचा उपधातु, आणि घृत, तैल, वसा, मज्जा या चार स्नेहांपैकीं एक. सुश्रुतानें मेदाचें स्थान उदर सांगितलें, आणि लहान हाडांतील मेद रक्तमिश्र असतो असेंही म्हटलें. चरकानें मेदोवह स्रोतसांचें मूळ म्हणून वृक्क आणि वपावहन यांचा निर्देश केला. वृक्क म्हणजे मूत्रपिंडें; त्यांच्या भोंवतीं मेदाची गादी असते, हें शवविच्छेदन पाहिलेला कोणीही सांगेल. आणि 'वपा' म्हणजे आंतड्यांवर पडलेला मेदाचा पडदा. कातडीखालील मेद आणि पोटाच्या पोकळींतील मेद यांच्या परिणामांत मोठें अंतर आहे, हें आजचें वैद्यक आग्रहानें सांगतें. दुसऱ्यापुरता हा जुना शब्द कामाला येण्याजोगा असून तो कोणीच उचलला नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

आम्ही 'मेद' शब्दाच्या बाजूचे आहोंत हें एव्हांना कळलेंच असेल. तरी त्याचाही एक दोष लपवितां येत नाहीं. चरकानें अतिस्थूलाचें वर्णन करितांना मेद आणि मांस यांची वृद्धि पुढें केली, आणि तेव्हांपासून मेद म्हटला कीं ढेरी डोळ्यांपुढें येते. हा संबंध पुण्यांतच सैल झाला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुण्याजवळच्या सहा गांवांतील बालकांची इंग्लंडांतील साऊदॅम्प्टन येथील बालकांशीं तुलना केली. ती 2003 मध्यें प्रसिद्ध झाली. आपलीं बालकें सरासरी सुमारें 2.7 किलो, तिकडचीं 3.5. वजन कमी, स्नायु कमी, पोट लहान. पण कातडीखालील मेद मात्र त्या मानानें राखलेला. पुढच्याच वर्षीं याज्ञिक व जॉन युडकिन यांनीं 'लॅन्सेट'मध्यें स्वतःचें उदाहरण छापलें : उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखें, निर्देशांक 22.3, शरीरांतील मेद मात्र युडकिन यांचा 9.1 टक्के आणि याज्ञिकांचा 21.2. आतां 'लठ्ठपणा' हा शब्द येथें काय कामाचा? तो आकार सांगतो, द्रव्य सांगत नाहीं. बारीक पण मेदस्वी, असें मराठींत म्हणतां येतें. इंग्रजींत 'फॅट' हेंच नाम आणि हेंच विशेषण असल्यामुळें तेथें ती अडचण अधिक.

'मेदार्बुद' या शब्दाविषयीं थोडें. कातडीखालच्या निरुपद्रवी मऊ गाठीस हें नांव देतात. लोक 'चरबीची गाठ' म्हणतात आणि निर्धास्त असतात. 'अर्बुद' ऐकतांच कर्करोगाची धास्ती घेतात. येथें आम्ही बिनदिक्कत लोकांच्या बाजूस जाऊं. गाठीस माज चढत नाहीं.

काकांकडे आम्ही दिवाळीनंतर पुन्हां गेलों. यकृताच्या पेशींत मेद सांठला आहे, तो बारीक माणसासही होतो, असें सांगितलें. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलें, "म्हंजी हा रोग हाय?" चिठ्ठी कोनाड्यांत सांपडली नाहीं; तपासणी पहिल्यापासून करावी लागली.