पान्याला न जुमानणारी गाडी

गाडी चांगली की वाईट, हे शोरूममध्ये कळत नाही. तिथं सगळ्याच गाड्या चांगल्या असतात. खरी परीक्षा गाडी बंद पडल्यावर, तीही रानात, दिवस मावळायच्या टायमाला. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं, इंजिनाचं शास्त्र मला सांगता येणार नाही. पण चाळीस वर्षं गाड्या वापरल्या, बंद पडलेल्या ढकलल्या. त्या हिशेबानं हे लिहितोय.

आमच्या सोलापूर भागात दूधवाल्याची गाडी म्हणजे राजदूत. एस्कॉर्ट्स कंपनीची, 175 सीसी. दोन्ही अंगाला दुधाचे कॅन, मागं पेंडीचं पोतं, तरी कच्च्या रस्त्यानं चालायची. मास्तर लोक बजाज चेतकवर. येझदीची तर किक आणि गिअर एकाच दांड्यावर. ह्या सगळ्या टू-स्ट्रोक. इंजिनात व्हॉल्व्हची भानगड नाही, ऑइल पेट्रोलातच मिसळायचं. चालू होईना म्हणलं की कारणं दोनच: पेट्रोल येत नाही, नाहीतर ठिणगी पडत नाही. प्लग काढायचा, काजळी घासायची, प्लग हेडला टेकवून किक मारायची. निळी ठिणगी दिसली की दुखणं पेट्रोलकडं. मग कार्बोरेटरचं जेट काढून फुंकायचं. चेतक आडवी करून उभी केली की चालू होते, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पाना, पक्कड आणि पॉलिश पेपर, एवढाच दवाखाना.

म्हणून जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. त्या गाड्या धूर ओकायच्या, पेट्रोल प्यायच्या, आणि ब्रेक लागले तर नशीब. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली. फोर-स्ट्रोक, पेट्रोलला काटकसरी. लोकांनी आपणहून जुन्या गाड्या सोडल्या, कुणी बळजबरी केली नाही. आणि तीही गाडी गावचा मिस्त्री झाडाखाली बसून उघडत होता. म्हणजे सुधारणा आणि साधेपणा हे काही एकमेकांचे वैरी नव्हेत. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं. कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, सेन्सर आले. धूर कमी झाला, हे चांगलंच झालं. पण बॅटरी पार उतरली की पेट्रोलचा पंपच चालत नाही, आणि कितीतरी गाड्यांना आता किकच नाही. गाडी धडधाकट आणि माणूस रस्त्यावर, अशी तऱ्हा.

मोटरसायकलचं एकवेळ चालवून घेऊ. ट्रॅक्टरचं काय? आमची मुख्य पेरणी रब्बीची, मालदांडी ज्वारीची. परतीचा पाऊस पडून गेला की काळ्या रानाला वापसा येतो आणि दोन-चार दिवसांत निघूनही जातो. तेवढ्यात पेरणी साधली तर वर्षाची भाकर. जुन्या ट्रॅक्टरनं एअर धरली तर फिल्टरवरचा नट ढिला करायचा, हातपंप मारायचा, फेस जाऊन सलग डिझेल यायला लागलं की नट आवळायचा. दहा मिनिटांचं काम, आमची सालगडी माणसंही करायची.

1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे नियम लागले, आणि त्यांत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं. आमच्या शेजाऱ्याचा असाच नवा ट्रॅक्टर ऐन वापशात रेस घेईना झाला. समोर पिवळा दिवा लागलेला. गावच्या मिस्त्रीनं हात टेकले. त्याला अक्कल नव्हती म्हणून नव्हे. तो दिवा काय सांगतोय हे बघायचं साधन त्याच्याकडं नव्हतं. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन चौथ्या दिवशी आला. सेन्सरची वायर सैल झालेली. पंधरा मिनिटांत काम झालं, पण तोवर रान वरून कडक झालेलं. त्याची ज्वारी विरळ उगवली ती उगवलीच.

तेव्हा माझं भांडण सेन्सरशी नाही, त्याला घातलेल्या कुलपाशी आहे. ट्रॅक्टर माझा, हप्ते माझे, आणि किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात. हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. अमेरिकेत जॉन डिअरच्या गिऱ्हाईक शेतकऱ्यांनी ह्याच गोष्टीसाठी आवाज उठवला. तिथल्या कोलोरॅडो राज्यानं 2023 मध्ये कायदा केला, की शेतीयंत्राचे सुटे भाग, माहितीपुस्तकं आणि दुरुस्तीची साधनं कंपनीनं मालकाला आणि बाहेरच्या मिस्त्रीलाही द्यावीत. 2024 च्या सुरुवातीपासून तो लागू आहे. आपल्याकडं केंद्र सरकारनं जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत मोबाइल, घरगुती वस्तू आणि गाड्यांबरोबर शेतीची अवजारंही आहेत. पण गावच्या मिस्त्रीच्या हातात ते साधन आल्याचं मला अजून दिसलेलं नाही. त्याची पोरं आता पंक्चर काढतात.

नवा ट्रॅक्टर घेताना आपण हप्ता किती आणि बक्षीस काय एवढंच विचारतो. तिथंच आणखी विचारावं: दिवा लागला तर तो गावात कुणाला वाचता येईल? पार्ट तालुक्याला मिळेल का? पेरणीत बंद पडला तर माणूस किती तासांत येणार, आणि ते लिहून देता का? असं दहा जणांनी विचारलं तर डीलर हसेल. हजार जणांनी विचारलं तर कंपनीला उत्तर द्यावं लागेल.