‘तुमच्या परिसरातील बातमी’

गेल्या वर्षभरात आंबिवलीच्या नावानं फोनवर आलेली एकही नोटिफिकेशन मी पुसून टाकलेली नाही. प्रत्येकीचा स्क्रीनशॉट काढून एका फोल्डरमध्ये टाकत गेलो. त्यामागे काही उदात्त हेतू नव्हता, थोडा राग होता. ऑफिसात नवीन कुणी ‘कुठे राहतोस?’ विचारलं आणि मी ‘आंबिवली’ म्हटलं, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘अरे, ते चेन स्नॅचिंगवालं?’ एकदा टीममध्ये नव्यानं आलेल्या मुलीनं हे ऐकून गळ्यातली चेन कॉलरच्या आत सरकवली. गमतीनंच. सगळे हसले, मीही हसलो. घरी येताना लोकलमध्ये डोक्यात आलं की ही बोरिवलीची, कल्याणच्या पुढे कधी आलेली नाही, तर हिला आंबिवली सांगितली कुणी?

फोननं. म्हणून हा फोल्डर, आणि म्हणून हा लेख. पुस्तकाचं परीक्षण लिहितात तसं मी या नोटिफिकेशन्सचं लिहिणार आहे. आमच्या गावाबद्दलचा सगळ्यात जास्त वाचला जाणारा मजकूर हाच आहे, आणि त्याचं परीक्षण कुणी करत नाही.

आधी जागा सांगतो. मध्य रेल्वेला कल्याणनंतर दोन फाटे फुटतात, एक कर्जतकडे, दुसरा कसाऱ्याकडे. कसाऱ्याच्या वाटेवर शहाड, मग आंबिवली, मग टिटवाळा. आम्ही कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत येतो. कागदावर शहर, बाकी तुम्ही येऊन ठरवा.

आता मजकूर. फोल्डरमधल्या बहुतेक बातम्या एकाच साच्यातून निघालेल्या आहेत. आरोपी ‘कुख्यात’ किंवा ‘सराईत’ असतो. पोलीस ‘सापळा रचतात’ आणि ‘मुसक्या आवळतात’. कारवाई नेहमी ‘धडक’ असते. गुन्हा एका शहरात होतो, आरोपी दुसऱ्याच शहरात सापडतो, आणि शीर्षकात नाव येतं आंबिवलीचं. वाचताना मला एक गोष्ट खटकत राहिली. या बातम्यांमध्ये आंबिवली हे ठिकाण नसतंच, ते विशेषण असतं. ‘आंबिवलीचा’ म्हटलं की लेखकाला पुढे काही सांगावं लागत नाही. गल्ली कशी आहे, तिथे कोण राहतं, शेजारच्या दुकानदाराला काय वाटतं, काहीही नाही. इराणी वस्तीबद्दल वर्षानुवर्षं छापून येतंय, पण तिथली मुलं कुठल्या शाळेत जातात हे माझ्या फोल्डरमधल्या एकाही बातमीत नाही.

इथे कुणी म्हणेल की बातम्या खोट्या आहेत का? नाहीत. सोनसाखळीचोरीचे आरोपी इथे सापडले आहेत. त्यांना पकडायला आलेल्या पोलिसांवर दगडफेक झाली आहे, तीही एकदा नाही. ज्या बाईच्या गळ्यातून मंगळसूत्र ओढलं गेलं तिला माझी ही भाषेची चर्चा ऐकवायची माझी हिंमत नाही. माझी तक्रार बातमी दिल्याबद्दल नाहीच. तीच बातमी तेवढ्याच शब्दांत पुन्हा पुन्हा दिल्यानं एका वस्तीतला प्रत्येक माणूस आणि मग एका स्टेशनावर उतरणारा प्रत्येक माणूस त्या विशेषणात कोंबला जातो, ही तक्रार आहे. वस्तीतल्या पोराला नोकरीच्या अर्जात पत्ता लिहिताना काय वाटत असेल, याचा अंदाज मला माझ्या ऑफिसातल्या हसण्यावरून येतो. माझ्या वाट्याला विनोद येतो, त्याच्या वाट्याला नकार येत असणार.

हे असं का होतं ते मला जरा जास्त कळतं, कारण मी त्याच धंद्यात आहे. माझी कंपनी बातम्या देत नाही, सवलतीची कुपनं विकते. पण नोटिफिकेशन पाठवायची रीत सगळीकडे तीच. एका मजकुराची दोन शीर्षकं करायची, थोड्या लोकांना एक आणि थोड्यांना दुसरं पाठवायचं, ज्यावर जास्त बोटं पडतील ते उरलेल्या सगळ्यांना. फोनवर शीर्षक दोन ओळींत कापलं जातं, त्यामुळे जो शब्द लगेच ओळखू येतो तो पुढे ओढला जातो. ‘आंबिवली’वर बोट पडतं हे एकदा आकड्यांत दिसलं की पुढच्या वेळी आंबिवली आणखी पुढे. यात कुणी दुष्ट माणूस बसलेला नसतो. माझ्यासारखा एक जण बसलेला असतो, त्याला शुक्रवारी आलेख दाखवायचा असतो.

आणि ‘तुमच्या परिसरातील’ म्हणजे काय? बऱ्याचदा फक्त अक्षरांची जुळणी. कर्जत तालुक्यातही एक आंबिवली आहे, कोथळीगडावर जाणारे ट्रेकर तिथून चढायला सुरुवात करतात. अंधेरीतही आंबिवली नावाचं जुनं गाव आहे, जमिनीच्या कागदपत्रांत ते नाव अजून चालतं. माझ्या फोल्डरमध्ये ‘तुमच्या परिसरातील’ म्हणून पावसाळी ट्रेकची एक बातमी आहे आणि अंधेरीतल्या इमारतीच्या पुनर्विकासाची एक. दोन्ही ठिकाणं माझ्यापासून दोन-तीन गाड्या बदलण्याच्या अंतरावर. ज्या यंत्राला तीन आंबिवल्यांमधला फरक कळत नाही, त्याला एका आंबिवलीतली माणसं वेगवेगळी आहेत हे कुठून कळणार?

फोल्डरमध्ये काय नाही, तेही पाहू. इथे शेजारी मोहन्याला एनआरसीचा, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, प्रचंड कारखाना होता. हा सगळा भाग त्याच्या भोंग्यावर चालायचा. कामगारांची वसाहत होती, शाळा होती. २००९ साली कारखाना बंद पडला. हजारो कामगारांचा थकलेल्या देण्यांसाठीचा झगडा पुढे वर्षानुवर्षं चालला. मोर्चे निघाले, कोर्टाच्या तारखा पडल्या, जमिनीचे मालक बदलले. आंबिवलीच्या आयुष्यातली याहून मोठी गोष्ट मला माहीत नाही. पण ती ‘नुकतीच’ कधीच घडत नाही. ती रोज थोडी थोडी घडते, एखादा कामगार देणी न मिळताच जातो तेव्हाही घडते. अशा गोष्टीवर बोट पडत नाही. साखळी एका सेकंदात तुटते, म्हणून तिची बातमी होते. पगार पंधरा वर्षं थकतो, त्याची नोटिफिकेशन कुठल्या मिनिटाला पाठवायची?

मग आंबिवलीची खरी खबर मला कुठे मिळते? हसू नका, एम-इंडिकेटरच्या ट्रेन चॅटमध्ये. मुंबईतल्या लोकलवाल्यांना हे ॲप सांगायला नको. वेळापत्रकासाठी सगळेच ते ठेवतात, पण त्यातलं चॅट हा वेगळाच ऐवज आहे. कल्याणच्या पुढे अनेक वर्षं जायला एक आणि यायला एक असे दोनच मार्ग, आणि त्यावरूनच लोकल, मेल, मालगाड्या सगळं. तिसऱ्या मार्गिकेचं काम आम्ही किती वर्षं बघतोय ते विचारू नका. त्यामुळे मागून मेल आली की लोकल बाजूला पडते, आणि वेळापत्रक हे आमच्याकडे फक्त इच्छापत्र असतं. मध्य रेल्वेचं ‘यात्री’ ॲप २०२२ पासून नकाशावर गाडी कुठे आहे ते दाखवतं, त्याचा उपयोग आहेच. पण गाडी उभी का आहे, ते चॅटच सांगतं.

साहित्य म्हणून पाहिलं तर या चॅटचं मराठी भयंकर आहे. अर्धं हिंदी, अर्धं रोमन लिपीत, व्याकरणाला रजा. तरी त्यात एक गुण आहे जो माझ्या फोल्डरमधल्या एकाही शीर्षकात नाही. लिहिणारा त्या जागी उभा असतो. खडवलीहून गाडी सुटली, दुसरा डबा रिकामा आहे, आज इंडिकेटर चुकीचा दाखवतोय, असं तो लिहितो, कारण पुढच्या स्टेशनवर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला त्याचा उपयोग होणार आहे. यासाठी त्याला पैसे मिळत नाहीत, नावही मिळत नाही. या मजकुरात आंबिवली पुन्हा ठिकाण होते. शहाडच्या नंतरचं आणि टिटवाळ्याच्या आधीचं.

मी चॅटला डोक्यावर घेत नाहीये. तिथे शिव्या असतात, बायकांच्या नावानं खाती काढून चाललेला चावटपणा असतो, अफवाही असतात. एकदा गाडी दुसऱ्या फलाटावर येतेय असं कुणीतरी लिहिलं आणि आम्ही पन्नासेक जण पूल चढून पळालो. गाडी नेहमीच्याच फलाटावर आली आणि आमच्या डोळ्यांसमोर गेली. पण पाच मिनिटांत त्या माणसाला चॅटवर इतकी बोलणी बसली की पुढच्या वेळी तो खात्री करूनच लिहील. चुकीचा जाब तिथल्या तिथे विचारला जातो. नोटिफिकेशनमधल्या ‘आंबिवलीचा’ या शब्दाचा जाब मी कुणाला विचारू? त्याखाली उत्तर द्यायची जागाच नसते.

बातम्या लिहिणाऱ्यांकडे माझं मागणं मोठं नाही. चोराचं गाव शीर्षकात टाकताना एकदा विचारा की त्याशिवाय बातमी अडते का. कारवाई कुठल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत झाली ते लिहा, आणि महिन्यातून एकदा त्याच गावात पोलीस व्हॅनच्या आधी पोहोचा. माझ्या बाजूनं मीही एक काम केलं. आमच्या ॲपमध्ये गावाच्या नावावरून माणसं निवडली जायची, तिथे पिनकोडची अट टाकली. मॅनेजरनं विचारलं, यानं आकडे वाढतील का? मी म्हटलं, थोडे कमीच होतील. चर्चा पुढच्या मीटिंगवर गेली आहे.

मागच्या अंगारकीला त्या बोरिवलीच्या मुलीचा मेसेज आला. आईला घेऊन टिटवाळ्याच्या गणपतीला निघाली होती. ‘शहाड गेलं, वीस मिनिटं गाडी उभी आहे, तुमच्या इथे काही झालंय का?’ मी चॅट उघडलं. दोन मेल सोडत होते, त्यानंतर हिची लोकल. तसं कळवलं. तिनं विचारलं, ‘हे रोजचंच आहे?’ म्हटलं, रोजचंच. ‘आणि हे कधी बातमीत येत नाही?’

तिच्या त्या मेसेजचाही मी स्क्रीनशॉट काढला आणि त्याच फोल्डरमध्ये टाकला.