बर्फाचे वर्णन आणि मराठी प्रवासलेखक

मराठीत प्रवासवर्णनांची वाण आहे, अशी तक्रार आता कोणासही करता येणार नाही. चैत्राच्या सुमारास काश्मीर व लडाख या प्रांतांकडे जाणाऱ्या मंडळींची संख्या वाढल्यापासून तर हिमाच्छादित घाटांतील मोटारप्रवासाचे लेख मासिकांतून वारंवार दिसू लागले आहेत. ते आवडीने वाचले जातात व आम्हीही वाचतो. परंतु असे दहा लेख वाचून झाल्यावर मनात काय उरते, असा प्रश्न स्वतःस विचारला असता उत्तर फारसे समाधानकारक मिळत नाही. कापसाचे ढीग, कापराचे डोंगर, दुधाचे सागर आणि अखेरीस ‘वर्णन करण्यास शब्द अपुरे आहेत’ ही कबुली. एवढीच सामग्री बहुधा हाती लागते. स्थळाचे नाव झाकले तर हा घाट झोजीलाचा, रोहतांगचा की आल्प्सचा हे वाचकास ओळखता येऊ नये, हा आमच्या मते या लेखांचा मुख्य दोष होय.

याचे एक कारण आपल्या भाषेच्या जडणघडणीत आहे. पावसाची सर, झड, रिमझिम, भुरभुर, वळीव असे किती तरी भेद आपण सहज करतो. पण भुसभुशीत ताजे हिम आणि टणक गोठलेले पाणी या दोहोंस मराठी माणूस सरसकट ‘बर्फ’ म्हणून मोकळा होतो. काश्मिरी भाषेत पहिल्यास ‘शीन’ आणि दुसऱ्यास ‘यख’ असे निराळे शब्द आहेत. आपण मृग, आर्द्रा म्हणून पावसाळा मोजतो. त्याचप्रमाणे तेथील लोक चाळीस दिवसांचा चिल्लै कलान, वीस दिवसांचा चिल्लै खुर्द व दहा दिवसांचा चिल्लै बच्चा असा हिवाळा मोजतात. यांपैकी एखादा शब्द जरी लेखकाने विचारून आणला असता, तरी कापूस व कापूर यांची गरज निम्म्याने कमी झाली असती.

दुसरे कारण परंपरेचे आहे. वसंत म्हटला की आंब्याचा मोहर व कोकिळ हे आपल्या लेखणीच्या टोकावर तयारच असतात. परंतु झोजीलाचा आरंभीचा वसंत हा असा सुकुमार नव्हे. सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीच्या या खिंडीत तेव्हा दोन्ही बाजूंस मोटारीहून उंच हिमाच्या भिंती उभ्या असतात. त्या शुभ्र नसून धुळीने व धुराने काळवंडलेल्या असतात. दिवसा वितळलेले पाणी रात्री रस्त्यावर गोठते आणि चाक घसरते. ऊन चढू लागले की उतारांवरील थर सैल होऊन कडेच्या कडे खाली येण्याचे भय असते. कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या आरंभी हिमालयाची थोरवी गाताना हिमाची गणना दोषांत केली आणि अनेक गुणांत तो एक दोष बुडून जातो असे म्हटले, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या कवीस हिमाचे काठिन्य ठाऊक होते. आमच्या लेखकांस मात्र त्यात केवळ शोभाच दिसते.

तिसरी उणीव आम्हांस सर्वांत गंभीर वाटते. काही दशकांपूर्वी हा रस्ता वर्षातील पाच-सहा महिने बंद राही. २०२३ साली तो ६८ दिवसांनी, आणि २०२५ साली अवघ्या ३२ दिवसांनी, १ एप्रिल रोजी, मोकळा झाला. हे हिम आपोआप वितळले नाही. सीमा सडक संघटनेची पथके सोनमर्गकडून व द्रासकडून अशी दोन्ही अंगांनी ते कापीत येतात, तेव्हा प्रवाशांची मोटार पुढे सरकते. संथाळ परगण्यासारख्या उष्ण मुलुखातून दरवर्षी मजूर लडाखच्या रस्त्यांवर राबण्यास येतात. आमच्या प्रवासलेखांत उपाहारगृहातील चहाचा उल्लेख हटकून सापडतो, या माणसांचा बहुधा सापडत नाही. ज्याच्या हातांनी वाट निघाली तोच चित्रातून वगळला, तर ते चित्र सुंदर असेल, पण खरे म्हणता येणार नाही.

यावर असा आक्षेप येईल की, आनंदासाठी गेलेल्या प्रवाशाकडून भूगोलाची व श्रमाची टिपणे मागणे ही अरसिकता होय. आम्हांस तसे वाटत नाही. या खिंडीच्या काश्मीरकडील अंगास हिरवी अरण्ये आहेत आणि पलीकडे उघडे, रूक्ष डोंगर. महाबळेश्वराचा पाऊस वाईच्या पुढे विरळ होत जातो, तसाच हा पालट आहे. तो का होतो हे जाणणाऱ्यास वळणावरील दृश्य अधिकच विस्मयकारक वाटेल. १ नोव्हेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने याच खिंडीतून रणगाडे पुढे नेले, हे ठाऊक असलेल्यास तिच्या अरुंदपणाचा अर्थ निराळाच कळेल. माहितीने रसभंग होत नाही. उसन्या उपमांनी मात्र खचित होतो.

वस्तुतः आपल्याकडे चांगला वस्तुपाठ नाही असेही नाही. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सत्तावन्नच्या धामधुमीतील वाटचाल आहे. भटजींनी वाटेतील भय, भूक, दक्षिणा व माणसे जशी भेटली तशी साध्या शब्दांत सांगितली. म्हणूनच त्या पुस्तकाची गोडी अद्याप कमी झालेली नाही.

आता बोगदे होत आहेत. सोनमर्गचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये खुला झाला, आणि झोजीलाखालील बोगदा पुरा झाल्यावर बहुतेक प्रवासी हिमाच्या भिंती न पाहताच पलीकडे जातील. घाटावरच्या या वसंताचे खरे वर्णन मराठीत व्हावयाचे असेल तर ते आताच झाले पाहिजे. पुढच्या पिढीस तो घाट कसा होता हे विचारावेसे वाटेल, तेव्हा कापूस आणि कापूर एवढेच उत्तर तिच्या हाती पडू नये.