एका बाजूची खतावणी

जमेची बाजू शाबूत आणि नावेची बाजू वाळवीने फस्त, असे लेजर घेऊन मी ऑडिटरपुढे बसलो, तर साहेब मला घरचा रस्ता दाखवतील. साहित्यात मात्र असली लेजरे छापून निघतात! जॉन मल्सो या इंग्रज पाद्र्याने आपला ऑक्सफर्डचा दोस्त गिल्बर्ट व्हाइट याला १७४४ ते १७९० अशी ४६ वर्षे पत्रे लिहिली. ती १९०७ साली पुस्तकरूपाने आली. व्हाइटची उत्तरे काही टिकली नाहीत.

व्हाइटही पाद्रीच. हँपशर परगण्यातल्या सेलबोर्न गावचा. प्रवचनांपेक्षा पाकोळ्या, गांडुळे आणि आत्याकडून वारशात आलेले एक कासव यांतच त्याचा जीव. त्याचे सेलबोर्नवरचे पुस्तक १७८९ सालचे. पेनंट आणि बॅरिंग्टन या दोन विद्वानांना लिहिलेली ११० पत्रे त्यात आहेत. गंमत अशी, की पेनंटच्या नावची पहिली नऊ पत्रे टपालात पडलीच नाहीत, ती पुस्तकासाठीच लिहिलेली! म्हणजे न धाडलेली पत्रे अजरामर झाली, आणि जिवलग मित्राला खरोखर धाडलेली गडप.

अभ्यासक मंडळी मल्सोला जंक्शनसारखे वापरतात. तिथे उतरायचे ते व्हाइटची गाडी पकडायला. मला हे पटत नाही. मान्य, गृहस्थ कंटाळवाणा आहे. स्वतःची दुखणी, बायकोची दुखणी, मुलांची दुखणी! सलग दहा पत्रे वाचली की आपलेच अंग मोडून येते. पण हा माणूस पक्षिशास्त्रातला जाणकार नव्हता, आणि तरीही ‘पुस्तक पुरं कर बाबा’ हे टुमणं त्याने वर्षानुवर्षे सोडलं नाही. पेनंट-बॅरिंग्टनना व्हाइटकडून माहिती हवी होती. मल्सोला व्हाइट हवा होता. हा फरक त्या साध्या, पसरट पत्रांतच कळतो. व्हाइटच्या घोटीव गद्यात नाही.

पुस्तक निघालेले मल्सोने पाहिले हे एक बरे झाले. १७९१ साली तो गेला, दोन वर्षांनी व्हाइट.

पुस्तक मिळाले तर दुखण्यांची पाने गाळू मात्र नका. त्या काळी टपालहशील सहसा पत्र घेणाऱ्याला भरावे लागे. ती सगळी दुखणी व्हाइटने पदरचे पैसे मोजून सोडवून घेतली असणार.