पुतळ्याचा धनी कोण?

रिसोड तालुक्यातील केनवडला बसून शिल्पकलेवर लिहायचे, तर कलादालनाचा आधार सोडूनच लिहावे लागते. आमच्याकडच्या माणसाला शिल्प भेटते ते चौकात. आणि वस्तीला शिल्प म्हणून माहीत असतो तो बाबासाहेबांचा पुतळा. प्रस्थापित समीक्षेने त्याची गणना राजकारणात केली, कलेत केली नाही.

स्टुडिओतला शिल्पकार सार्वजनिक काम घेतो तेव्हा समिती येते, निविदा येते, उंची आधीच ठरते. मग कलावंताचे स्वातंत्र्य गेले अशी ओरड होते. मला प्रश्न पडतो तो दुसराच: ज्यांच्यासाठी पुतळा, त्यांना कोणी विचारले काय?

१९५० साली माधवराव बागलांच्या पुढाकाराने कोल्हापूरच्या बिंदू चौकात जोतीराव फुले आणि बाबासाहेब यांचे अर्धपुतळे बसले. तेव्हा बाबासाहेब हयात होते. १९६७ साली संसदेच्या आवारात शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला साडेबारा फुटी ब्राँझचा पुतळा उभा राहिला; तो सरकारने नव्हे, स्मारक समितीने दिलेला होता. उचललेला उजवा हात, डाव्या हातात ग्रंथ. हीच ठेवण आज खेडोपाडी सिमेंटमध्येही दिसते. ते सिमेंटचे पुतळे घडवणाऱ्यांची नावे कलेच्या इतिहासात नाहीत. मजुरीतून वर्गणी देणाऱ्यांची तर नाहीतच.

आता मुंबईची इंदू मिल पाहा. २०१५ साली भूमिपूजन झाले. पुतळा ३५० फुटांचा, त्याखाली १०० फुटांचा चौथरा. काम आले धुळे जिल्ह्यातील गोंदूरच्या सुतार घराण्यात जन्मलेल्या राम सुतार यांच्याकडे. त्यांच्या हाताविषयी शंका नाही. शतकानुशतके मान खाली घालायला लावलेल्या समाजाला उंचीची ओढ असणार, हेही मी हसण्यावारी नेत नाही. पण एवढ्या उंचीवरचा चेहरा पायथ्याशी उभ्या माणसाला वाचता येईल काय? आणि मुंबईत साडेचारशे फूट मंजूर करणाऱ्या व्यवस्थेत गावच्या चौकातली चार हात जागा अजून वादाची का ठरते?

कित्येक गावांत पुतळ्याभोवती लोखंडी जाळी असते. विटंबनेच्या भीतीने ती बसवावी लागते. शिल्पकाराच्या नमुन्यात ती नसते. ती गावाने घडवलेली असते. शिल्पकाराने मातीला हात लावण्यापूर्वी एकदा त्या जाळीपाशी येऊन उभे राहावे. आणि आमच्या समीक्षेनेही पुतळ्याबरोबर ती जाळी वाचावी.